बादली घेऊन आलेला माणूस

आमच्या वस्तीमागच्या टेकाडावर डोंगरात सायकल चालवणं शिकायची वाट करायचं सगळ्यायनं ठरवलं. ती आखणारा माणूस शोधण्यात दोन महिने गेले. दोघं आले, गाडीतूनच टेकाड पाहून नकाशे देऊन गेले. दोन्ही नकाशांत माझ्या बायकोची पायवाट खोदून टाकलेली. वीस वर्षं ती त्या वाटेनं वरच्या कडुनिंबाले पाणी नेत होती. औंदा गेली.

तिसरा आला तो बादली घेऊन. वर चढायचा, पाणी ओतायचा, अन् ते कुठून वाहते हे उकिडवा बसून पाहायचा. मी त्याले हाकलायलेच गेलो होतो.

"काहून पाणी सांडून राहिला गा?"

"पाणी जिथून धावते तिथं वाट टिकत नाही, काका. ही पायवाट आडवी चढते, म्हणून टिकली. कोणी पाडली?"

"माह्या बायकोनं. मेली ती."

तो उठला अन् पायवाटेच्या कडेनं चुना टाकत चालला.

"मग अर्धं काम त्यायनंच करून ठेवलं. सायकली इथूनच जातील. खोदायचं नाही."

मी त्याची रिकामी बादली उचलली अन् नळावर भरायले नेली.