मंत्र्यापुढचं ताट

मंत्री होण्याआधी तो आमच्या मागवाल्यांचा, कापड विणणाऱ्या कामगारांचा पुढारी होता. सायकलवर फिरायचा. कतारगामच्या सभेत मालकाच्या माणसानं त्याच्यावर लोखंडी पाइप उगारला, तो मी माझ्या डोक्यावर घेतला. अजून तिथं केस येत नाहीत, बोट लावून बघा. त्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि माझ्याच ताटात कळण्याची भाकरी जेवला. आमच्या खानदेशी माणसांत एका ताटात जेवला तो भाऊ झाला. त्या घरावर मग हात उचलायचा नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. "समजी गयो, भाई," म्हणाला.

आमच्या मतांवर तो आमदार झाला, मग मंत्री. सायकल गेली, मोटार आली.

पुढे पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात संप झाला, आम्ही मागवालेही त्यात उतरलो. पोलीस आले ते त्याच्याच सांगण्यावरून. माणसांना हौदात पाडून मारलं. हौदात लाल रंग होता, रक्त कुठलं ते कळेना. माझ्या धाकट्या भावाला केसांना धरून नेलं. चौकीच्या भिंतीबाहेर उभं राहून मी त्याचं ओरडणं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मंत्री चाळीत हजर. मागे फौजदार आणि फोटोवाला.

"चल भाई, जुन्यासारखं एका ताटात बसू. लोक बघतील, तडजोड झाली समजतील, उद्या कामावर जातील. तुझा भाऊ आज सांजे घरी."

बायकोनं ताट वाढलं. मला हळूच म्हणाली, "अहो, बसा. भावजी मरतील तिथं."

दारात संपवाले उभे.

मी ताट त्याच्यापुढे पालथं घातलं. "हात उचललास ना? मग हे ताट तुझं नाही."

फौजदाराच्या दांडक्यानं माझे पुढचे दात गेले. रक्त मी मंत्र्याच्या पांढऱ्या कपड्यांवर थुंकलो.

संप टिकला. तो मंत्रीच राहिला, पण आमच्या चाळीत परत पाणीसुद्धा प्यायला नाही.

भावाला सोडलं ते उजव्या हाताची बोटं मोडून. तुटलेल्या सुताला डोळे मिटून गाठ मारायची बोटं ती. मी ताट पालथं घातलं, हे त्याला चौकीतच कळलं होतं. मी एकच ताट घेतलं. त्याला भाकरी मोडता येईना. मी मोडली, कालवली, घास त्याच्या तोंडाशी नेला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार.

त्यानं घास चावला.

"दादा," म्हणाला, "मीठ जास्त पडनं."