अंगठ्यावरचा आकडा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — माहीत नाही, पण सांगतो.

मी माजलगावच्या एका शाळेत खो-खो शिकवतो. कोरोनाची दुसरी लाट ओसरली, मैदान उघडलं, आणि आजारातून उठलेल्या पोरींना पुन्हा खेळायला उभं करायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी पद्धत घालून दिली होती. आधी काही दिवस नुसतं चालणं. मग सहा मिनिटं भरभर चालवून बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. चौऱ्याण्णवच्या खाली आलं की पळणं बंद, पोरगी परत दवाखान्यात. मी कडक होतो — दोघींना रडवून घरी पाठवलं होतं.

रुखसानाला मात्र... ती मेकॅनिकची पोरगी. खांबाला अशी वळायची की पाठलाग करणारी नुसती बघत राहायची. माझ्या हाताखालची एकही पोरगी कधी राज्याच्या संघात गेली नव्हती. ही जाणार होती. निवड चाचणी चार दिवसांवर होती.

ईद नुकतीच झालेली. तिची बोटं नखांपर्यंत मेंदीनं काळपट लाल. चालून आली, मशीन लावलं — नव्वद.

"मेंदीमुळं असंल, सर," ती म्हणाली.

असूही शकतं, मेंदीवर मशीन कधीकधी चुकतं. म्हणून मी तिला बूट काढायला लावला आणि पायाच्या अंगठ्यावर पाहिलं. तिथं मेंदी नव्हती. एक्याण्णव.

तो आकडा मी तळव्याआड धरला. "इथं मशीन पकडंना," म्हणालो. "मेंदीचाच घोळ. खेळ तू."

घाईत झालं का हे? नाही. हाव होती.

चाचणीच्या दुसऱ्या डावात ती कोसळली. वाचली. पण फुप्फुसं सावरायच्या आत पळाली, आता पळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. लोकांनी विचारलं, सर, तपासलं नव्हतं का? मी म्हणालो — तपासलं होतं, पण बोटांना मेंदी, खरा आकडा कळेना. सगळ्यांना पटलं. तिलाही.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ती बापासमोर रडायला लागली. "मी कावून लावली मेंदी, सर? तुमचं लई नाव खराब केलं मी."

बाप मान खाली घालून उभा होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, बेटा," म्हणालो.

म्हणजे — मी तिला माफ केलं.