भांड्यांवर घालायचं नाव

ओळखीच्या माणसाचं काम घ्यायचं तर आधी कागद करायचा, हा माझा नियम. अनोळखी गिऱ्हाईक एक वेळ परवडतं. ते मजकूर सांगतं, काम बघतं आणि चालू लागतं. ओळखीचा माणूस मात्र "तुला काय सांगायचं, तुला सगळं ठाऊकच हाय" म्हणतो आणि मग गावभर माझ्या नावाने खडे फोडतो.

बेलापुरात लग्नसराई आली की मी भांड्यांवर नावं घालून द्यायचो. एरवी शेती होती, पण ही गोष्ट घडली ते वर्ष दुष्काळाचं होतं आणि रानात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. छिन्नी, छोटी हातोडी आणि भांड्याखाली घ्यायला लाकडी ठोकळा, एवढंच माझं सामान. स्टीलची भांडी तेव्हा नुकतीच आमच्याकडे लग्नात दिसू लागली होती. पितळेवर चुकलेलं अक्षर घासूनपुसून थोडंफार बुजवता येतं. स्टीलवर छिन्नीचा ठिपका पडला की तो कायमचा. अक्षर मात्र माझं मोत्यासारखं होतं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

कागदाचं खूळ आत्यामुळे सुरू झालं. आतोबांनी नवी भांडी आणली, तोंडी मजकूर सांगितला आणि मी घातला. त्यात आत्याचं नावच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळी भांडी घेऊन ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि उठेना. तेव्हापासून मी वहीचं पान फाडायला लागलो. त्यावर मजकूर लिहायचा आणि खाली सही घ्यायची, तीही भांडी आणणाऱ्याची नाही, वापरणाऱ्याची. कारण रोज घासताना ते नाव जिच्या डोळ्यांसमोर येणार, भांडायलाही तीच येणार. नातेवाइकांना हा कागद फार झोंबायचा. मामा तर म्हणाले, "लेका, मला कोर्टात उभा करतूस व्हय?" मी म्हटलं, "मामा, मामींची सही आणा आणि चहा घ्या."

अशात माझा जिवलग मित्र बहिणीच्या लग्नाची भांडी घेऊन आला. मुलगी सोनईला दिली होती. सासरच्यांनी साखरपुड्यातच तिचं नवं नाव ठरवून टाकलं होतं, शहरात नुकतंच फॅशनमध्ये आलेलं, गोडगोड. तेव्हा ही रीतच होती. मुलीचं आडनाव जायचं तसं नावही जायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मित्राने नवं नाव सांगितलं. मी ते कागदावर लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. "तिची सही आण."

"आरं, तुज्या-माज्यात कागद कशाला?"

"तुज्या-माज्यात हाय म्हणूनच."

तो धुसफुसत घरी गेला आणि संध्याकाळी लालबुंद होऊन परत आला. कागदावरचं नवं नाव बहिणीने खोडलं होतं. वर तिचं स्वतःचं, आजीने ठेवलेलं नदीचं नाव ठळक लिहून खाली सही केली होती. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. माझ्या कागदाचा कुणीतरी असा झक्कास उपयोग केला होता.

"ह्ये फाडून टाक आन् मी सांगतू ते घाल," मित्र म्हणाला. "सोयरं बिथरलं तर? भर मांडवातून वऱ्हाड माघारी आलं तर तिनं काय करायचं?"

त्याचं भय खोटं नव्हतं. याहून क्षुल्लक कारणांवरून लग्नं मोडलेली आम्ही दोघांनी पाहिली होती. पण मी म्हटलं, "दुसरं नाव घालायचं तर दुसरा कागद कर. सही तिचीच लागंल." अशी सही ती करणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. प्रकरण त्याच्या वडिलांपर्यंत गेलं. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. "माज्या आयनं ठिवल्यालं नाव हाय," ते म्हणाले. "घाल." मी घातलं. मित्राने माझ्याशी बोलणं सोडलं.

लग्न मुलाच्या दारात होतं. आम्ही ट्रकमधून सोनईला निघालो, मागे भांडी खडखडत होती आणि मित्र मुद्दाम माझ्याकडे पाठ करून बसला होता. एरवी मी कुणाला जुमानत नाही, पण त्या दिवशी भांड्यांवरचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. तिचं काही वाईट झालं असतं तर माझा नियम मी कुणाच्या तोंडावर मारणार होतो?

अक्षता पडेपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. मग नवरीला घरात घेतलं, ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायला घेतलं. तेवढ्यात शेजारी मांडलेली भांडी बघणाऱ्या एका बाईने मोठ्याने वाचलं, "आगं बया, ह्यावर तर दुसरंच नाव हाय!"

सगळे भांड्यांकडे वळले. नवरी मान खाली घालून उभी होती, पण तिने सारवासारव केली नाही. सासूने एक पातेलं हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "कुणी घातलं ह्ये?"

मी पुढे झालो. "मी. मुलीनं लिहून दिलं, सही केली, तसं घातलं."

"हिला इचारलं तुमी?"

"इचारल्याबिगर मी काम करत न्हाई."

सासूने पातेलं खाली ठेवलं आणि ताटातल्या तांदळावरून तळवा फिरवला. अर्धवट लिहिलेलं नाव पुसलं गेलं. "भांडी काय आता बदलायची न्हाईत," ती मुलाला म्हणाली. "हिचं हाय तेच लिव." त्याने लिहिलं. माझ्या शेजारी मित्राने इतक्या जोरात श्वास सोडला की दोघंतिघं वळून बघायला लागले.

जेवणं झाली तेव्हा सासूने मला ओसरीवर बोलावलं. तिच्या हातात एक जुना तांब्या होता. "पाव्हणं, ह्यावर एक नाव घालाल का?"

मी खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली. तिने नाव सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सहीच्या जागी अंगठा उठवायला शाई शोधत होतो, तेवढ्यात नवरदेव मागून आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून कागद वाचू लागला.

"आये, ह्ये कुणाचं नाव?" त्याने विचारलं.

"माजं," ती म्हणाली. "म्हायेरचं."