बापाचा राब, लेकाचा वाफा

खिशात बियाणं भरून वर्गात येणारा मास्तर आमच्या जव्हारच्या कम्प्युटर सरांखेरीज भूतलावर दुसरा नसेल. ज्ञान ज्याच्या त्याच्या भाषेत पोचलंच पाहिजे, ही गर्जना मी पत्रकांत वाचली होती. सरांच्या खिशात ती भात आणि उडीद होऊन खुळखुळायची. प्रोग्रॅमिंगमधलं ओव्हरलोडिंग शिकवताना त्यांनी सूर्यमाळच्या एका मुलीच्या हातावर भात ठेवला. "ताई, पेर." "आधी वाफ्यात, सर. मग रोपं उपटून शेतात लावायची, आवणी." मग उडीद ठेवला. "आता?" "हा काय, माळावर फेकायचा नि मोकळं व्हायचं!" "झालं ओव्हरलोडिंग! मेथडचं, म्हणजे सांगितलेल्या कामाचं, नाव एकच, पेर. हातात काय दिलं, त्यावर काम ठरतं." सांडलेले दाणे टिपायला चिमण्या येत, सर त्यांचीही हजेरी घेत.

ओव्हररायडिंगला मात्र खिसा पुरेना. "बापाकडून मेथड आली, नाव तेच ठेवलं, आतलं काम लेकानं आपलं लिहिलं," एवढं सांगून आमचा मास्तर थांबला नाही. थेट पोशेऱ्याला घरी जाऊन वडिलांना म्हणाला, "बा, यंदा राब जाळायचा नाय." राब म्हणजे पेरणीआधी फांद्या-पाला पसरून वाफा भाजायचा. त्यासाठी दरसाल झाडं छाटतात, याची सरांना चीड. म्हातारा म्हणाला, "आन् रोप नाय झालं, तर वरीसभर तुझा कम्प्युटर शिजवू का?" अखेर अर्धा वाफा बापाचा, अर्धा लेकाचा, असा तह झाला.

पावसात सरांच्या अर्ध्यात रोपापेक्षा तणच जोमात आलं. आम्ही पोरं बघायला गेलो, तर त्या अर्ध्यात बाप तण उपटत बसलेला, शेजारी चिखलात सर. "बघा रं, तुमचा मास्तर गवताला लय भारी शिकवतो!" म्हातारा हसला, पण हात थांबले नाहीत. रोपं वाचली. आवणी दोन्ही अर्ध्यांतून झाली.

गेल्या हिवाळ्यात बा गेले. आता सगळा वाफा सरांचा. तरी या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा सर एका कोपऱ्यात आपसूक गळलेला ओंजळभर पाला पेटवत होते. मी भडकलो, "सर, हा तत्त्वाशी द्रोह आहे!"

"नाय रे," धूर चुकवत ते म्हणाले. "ओव्हरराइड केलं, तरी आतून बापाच्या मेथडला हाक मारता येते. आधी ती चालू दे. मग आपली."

मी वाकून आणखी थोडा पाला गोळा केला आणि त्यांच्या हातात दिला.