बिल्ल्यावरचा पगार

निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत मी दिवाणजी म्हणून लागलो तेव्हा माझी समजूत होती की काम हिशेबाचं आहे. पहिल्याच बाजारादिवशी कळलं की हिशेब कुणालाही येतो, खरी पंचाईत माणसं ओळखण्याची. वखार तशी लहान. साठेक बायका पानं निवडायच्या, देठ काढायच्या, भुकटी चाळायच्या आणि आठवड्याच्या बाजारादिवशी दुपारी माझ्या खिडकीसमोर पगाराला उभ्या राहायच्या. सगळ्यांच्या तोंडावर तीच पिवळट भुकटी आणि कपाळावर ओढलेला पदर. मला तर सगळ्या सख्ख्या बहिणी वाटायच्या.

त्यात एकाच नावाच्या चार-पाच जणी. मी नाव पुकारलं की सगळ्या पुढं सरकायच्या. ‘कुणाची तू?’ असं विचारावं, तर नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? ती खाली बघून हसायची आणि शेजारणीला कोपरानं ढोसायची. शेजारीण नेमकी तिची धाकटी जाऊ निघायची, तिला थोरल्या दिराचं नाव चालत नसे. मग दुसऱ्या गावची कुणी सापडेपर्यंत रांग खोळंबायची. बाहेर बाजार भरलेला, बायकांना मीठ-मिरची घेऊन दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं, आणि मी इथं एका नावासाठी डोकं धरून बसलेला.

चूक व्हायची ती झालीच. दोन दिवस कामाला आलेलीला पुऱ्या आठवड्याचा पगार गेला आणि आठवडाभर राबलेलीच्या हातावर दोन दिवसांचे पैसे पडले. महिनाभरानं, तेही दुसऱ्याच कारणानं, हे उघडकीला आलं. कमी मिळालेलीला मी विचारलं, बाई, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, “मला वाटलं दंड कापला असंल.” कसला दंड, तर तेही तिला ठाऊक नव्हतं. मला स्वतःचा राग आला आणि तिचा त्याहून जास्त.

मालकांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. जैन घरातले, घरी कानडी आणि वखारीत मराठी बोलणारे, पण रागावले की कानडीवर जायचे. त्या दिवशी बराच वेळ कानडीत बोलले. मग त्या बाईचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून दिले आणि पुढच्या हंगामाला बेळगावहून पितळी बिल्ले करून आणले. प्रत्येक बाईला आकडा घातलेला एक बिल्ला. हजेरी त्या आकड्यावर, पगारही त्या आकड्यावर. बिल्ला खिडकीत ठेवायचा, पैसे घ्यायचे, बिल्ला उचलायचा. नाव नाही, गाव नाही, नवरा तर नाहीच.

काय सांगू, मला सुटल्यासारखं झालं. रांग भराभर पुढं सरकू लागली. बायकांनी बिल्ले काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले, एकमेकींना आकड्यांनी हाका मारून खिदळू लागल्या. कुणी आजारी पडली तर सासू किंवा पोरगी बिल्ला घेऊन यायची आणि पैसे घेऊन जायची. हंगामभर एकही चूक झाली नाही. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बिल्ले कौतुकानं दाखवायचे.

सत्तावीस नंबरची बाई कोगनोळीकडची, म्हणजे तिथं दिलेली. माहेर तिकडं जांबोटीच्या रानात. ती हंगामाच्या सुरुवातीलाच रांग संपल्यावर मागं थांबली होती. मला म्हणाली, “अण्णा, निम्मं पैसं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. घरात नेलं की ऱ्हात न्हाईत.” असं वखारीत पैसे ठेवणाऱ्या आणखीही बायका होत्या, ती तिथली रीतच होती. मी सहज विचारलं, कशासाठी साठवतेस? तिची आई एकटीच होती आणि अंथरुणाला खिळली होती. लग्न झाल्यापासून ही दोनदाच माहेरी गेलेली. हंगाम संपला की सर्व्हिस मोटारीनं बेळगाव, तिथून बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, नाही तर पायी. आईला एक लुगडं न्यायचं, औषधाचं बघायचं. “पाऊस लागायच्या आत जायाला पायजे. वड्याला पाणी आलं की वाट बंद हुतीया. मग दिवाळीलाच.” आणि दिवाळीपर्यंत आई राहील असं तिला वाटत नव्हतं. ते तिनं सांगितलं नाही, पण मला समजलं.

दर बाजारादिवशी ती विचारायची, किती झालं? मी सांगायचो. ती मान हलवून जायची. मलाही ते पैसे वाढताना बघायची गोडी लागली. माझी स्वतःची आई लहानपणीच गेली होती.

हंगाम संपायच्या दिवशी सकाळीच एक माणूस खिडकीशी आला. धुतलेलं धोतर, हातात टोपी. रामराम केला आणि सत्तावीस नंबरचा बिल्ला माझ्यासमोर ठेवला.

तिचा नवरा. दारुडा नव्हता, भांडखोरही दिसत नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द सुनावले असते. तो नरमाईनंच म्हणाला, घरात नड आहे, साठलेले सगळे द्या. मी म्हटलं, ते तिचे ठेवलेले पैसे आहेत. तो म्हणाला, “बिल्ला हाय न्हवं, अण्णा?”

होता. मीच तिच्या हातात दिलेला, आता त्यानं आणलेला. मी आत जाऊन आप्पांना सगळं सांगितलं, तिची आई, जांबोटी, ओढा, सगळं. ते म्हणाले, बिल्ल्याचं राहू दे बाजूला, तिलाच बोलाव. ती एकदा नको म्हणू दे, मी एक पैही सोडत नाही, मग तो कुणीही असो.

आप्पांनी याहून जास्त काय करायचं होतं? मी हरखून बायका पानं निवडत होत्या तिकडं गेलो. ती पानांच्या ढिगाशी बसली होती. गळा मोकळा होता. मी सांगितलं तशी उठली, हात झटकले आणि माझ्यामागून आली. नवरा दिसताच तिनं पदर आणखी पुढं ओढला.

आप्पा माझ्या खिडकीशी येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, “हे पैसे यांना द्यायचे का, बाई? तू सांगशील तसं.”

नवरा तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता, टोपीची घडी नीट करत होता. आप्पांनी पुन्हा विचारलं. मी मनात म्हणत होतो, नको म्हण, एकदा नको म्हण. ज्या माणसाचं नाव घ्यायला तिची जीभ उचलत नव्हती, त्याच्यासमोर त्याच्याविरुद्ध ती कशी उचलणार, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

“द्या,” ती म्हणाली.

आप्पा उठून आत गेले. मी पैसे मोजले आणि तिच्या अंगठ्याला शाई लावली. अंगठा तिनंच उठवला. हिशेब पैपर्यंत बरोबर होता. त्यानं पैसे कनवटीला लावले, पुन्हा रामराम केला, आणि ती राहिलेली पानं निवडायला परत गेली. संध्याकाळपर्यंत मी आतल्या बाजूला फिरकलो नाही. माझ्या पदरचे थोडे पैसे तिला द्यावेत असं मनात आलं होतं. पण परक्या पुरुषाचे पैसे घेऊन ती माहेरी गेली, असं गावात झालं असतं, म्हणून तेही राहिलं.

पुढच्या हंगामाला ती आली. श्रावणातच तिची आई गेल्याचं तिच्या गावच्या बायकांनी मला सांगितलं होतं. निरोप पोचला तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. पहिल्या बाजारादिवशी तिनं बिल्ला खिडकीत ठेवला. मी पैसे मोजून दिले आणि न राहवून हळूच विचारलं, यातले निम्मे ठेवू का?

तिनं बिल्ला उचलून गळ्यात घातला.

“आता कुणासाठी, अण्णा?” ती म्हणाली, आणि मागची बाई पुढं आली.