बाहेरचं खाल्लं की बाद!

आमच्या चिखलीच्या फार्मसी कॉलेजात सगळ्यात शांत खोली म्हणजे सशांची, आणि सगळ्यात जास्त किस्से तिथलेच! चहाला बसलं की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि तासाची बेल कोणालाच ऐकू येत नाही.

आधी मामला समजून घ्या. शगुफ्ता मॅडमची पीएचडी. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी नुसती बाहेरून येऊन बसते, की भिंत स्वतःही ती तयार करते, आणि खाण्यानं त्यात काय फरक पडतो, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून सशांचे दोन गट. एकाला साधं खाद्य, दुसऱ्याला तेल मिसळलेलं. ठरल्यापलीकडे ज्यानं घासभर जरी खाल्लं, तो प्रयोगातून बाद! बाद झालेल्याच्या जागी घ्यायला जादा ससे फक्त तीन. ते संपून आणखी एक जरी बाद झाला, तर सगळं पहिल्यापासून. आणि शेवटी भिंत तपासायची म्हणजे ससा जिवंत राहत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे.

*

सशांची देखभाल वानखडेभाऊंकडे. माणूस इतका मायाळू, की साध्या गटाच्या पिंजऱ्यांशीच ते सारखे घुटमळायचे.

"मॅडम, त्यायले तेल, अन् यायले काहीच नाही? हे बिमार हायेत का?"

मॅडमनी खूप समजावलं. भाऊ "हाव जी, हाव जी" करत राहिले. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं, तर साध्या गटातला एक ससा करंजी खात बसलेला!

"सण हाये ना जी," भाऊ म्हणाले. "पावण्यासारखं पुसलंच नाही, तर बरं दिसते का?"

ससा बाद. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घेऊन जा घरी त्याला."

"म्हंजे बाद झाला की घरी?" भाऊंचे डोळे असे काही चमकले, की मॅडमनी त्याच दिवशी खोलीला कुलूप लावलं आणि एकुलती एक किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली!

*

मॅडमचे अब्बा खामगावचे, तेलाच्या धंद्यातले. प्रयोगाला तेल त्यांच्याच घाण्याचं. एकदा डबा द्यायला आले आणि हा प्रयोग कशाचा, ते त्यांना कळलं. भडकलेच!

"पिढ्या गेल्या आमचं तेल खाऊन! अन् पोरगी त्याच्यात खोट काढून राह्यली?"

"खोट नाही अब्बा, फक्त बघायचंय."

अब्बांनी तेलाच्या गटातले ससे निरखून पाहिले. केस तुकतुकीत! ते बघून जरा गार झाले. पुढच्या महिन्यात मी खामगावला त्यांच्या दुकानात गेलो, तर गिऱ्हाइकाला सांगत होते, "बिनघोर घेऊन जा! आमचं तेल चिखलीले पीएचडी करून राह्यलं!"

*

कुलूप असून घात झाला तो संस्थेच्या अध्यक्षांमुळे. सत्काराचा पेढा हातात घेऊन ते लॅब बघायला आले आणि मॅडम "सर, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी तो सशाला भरवलासुद्धा. वर फोटो!

मॅडमनी ससा बाद केला. प्राचार्य घाबरले. "अहो, अध्यक्षांचा पेढा! बाद कसा करता?"

"सर, रक्तवाहिनीला पद कळत नाही!" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. जादा ससा आता एकच उरला होता. त्या दिवशी आम्हालाही वाईट वाटलं.

तो पेढेवाला ससाही भाऊंच्याच अंगणात गेला.

*

याच काळात माझा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल चढलेलं. बायकोनं डब्यात उकडलेला दुधी सुरू केला. भाऊंनी डब्यात डोकावून पाहिलं.

"सर, तुमाले बी साध्या गटात टाकलं काय?"

आणि त्यांनी हळूच दोन भजी माझ्या डब्यात सरकवली. मी पहिलं भजं उचलतो न उचलतो, तोच मागून शगुफ्ता मॅडम ओरडल्या, "सर बाद!"

अख्खी स्टाफरूम हसली. बादच झालो म्हटल्यावर मी दुसरंही खाल्लं.

*

मॅडमचा आणखी एक कडक नियम : सशांना नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर. माया लागते म्हणून. पण साध्या गटातला अकरा नंबर मॅडमची चाहूल लागली की मागच्या पायांवर उभा राहायचा, आणि मॅडम त्याच्याशी चक्क अहो-जाहो करत!

ईदच्या सकाळी नवे कपडे घालून त्या खाद्य द्यायला आल्या. आमच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा. आधी पिंजऱ्याशी जाऊन म्हणाल्या, "काय हो अकरा नंबर, ईद मुबारक!"

भाऊंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा अकरा नंबरकडे.

मॅडम न वळताच म्हणाल्या, "वानखडेभाऊ, मनातसुद्धा आणू नका!"

*

प्रयोग संपत आला. मॅडमच्या गाइडचा फोन आला, की उरलेला जादा ससाही तपासणीला घ्या, निकाल तेवढाच पक्का होईल. मॅडम "हो सर" म्हणाल्या. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटच्या सकाळी मी आणि भाऊ पोचलो, तर कुलूप उघडं. आत मॅडम एकट्याच. डोळे लाल. अकरा नंबर पिंजऱ्यात मिशा चाटत बसलेला, आणि टेबलावर बस स्टँडवरच्या दुकानाचा कागदी पुडा.

"सर, अकरा नंबर बाद," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचं खाल्लं त्यानं."

"काय खाल्लं?"

"जिलबी."

भाऊ हळूच म्हणाले, "पन मॅडम, किल्ली तं तुमच्याच गळ्यात हाये. देली कोनं?"

मॅडमनी बोटांचा पाक ॲप्रनला पुसला.

"चौकशी चालू आहे!"