आक्काचा नवा गुडघा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. हे कुणाला दाखवायचं धाडस होईल असं वाटत नाही, तरी ज्यांच्या घरी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी लिहिते.

"पायात गुठळी झालीय," डॉक्टर म्हणाले. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्त गोठणं. माझी थोरली बहीण आक्का तेव्हा कॉटवर बसून चहा पीत होती.

नवा गुडघा बसवून आठवडाही झाला नव्हता. हुपरीत जन्मभर चांदीची पैंजणं जोडत बसून तिचे गुडघे गेले होते. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचे डॉक्टर वेगळे होते. रक्त गोठू नये म्हणून त्या बाईंना रोज पोटात सुई द्यायचे. आक्काला नव्हती. मी भीतभीत विचारलं, तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "आपल्या लोकांत गुठळ्या फारशा होत नाहीत. सुईनं उलट जखमेत रक्त साचतं. घट्ट मोजे घाला, चालवा, पुरे."

आक्का खूश. बाईंना म्हणाली, "तुमच्या पोटाची चाळण केली की वं! आमचं डॉक्टर बरं हायत."

"हसा, हसा. तुमचं मोजं बघूनच मला घाम फुटतोय," बाई म्हणाल्या.

मग पोटरी टणक झाली, गरम लागायला लागली. ऑपरेशननंतर सूज असतेच, असं सगळे म्हणाले. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी झाली, तोवर गुठळी मांडीपर्यंत गेली होती. आता आक्कालाही सुया सुरू झाल्या. दुसऱ्या सकाळी ती उठून उभी राहिली आणि "दम लागतोय गं," एवढंच म्हणाली. गुठळी फुफ्फुसात गेली. त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. डॉक्टर धावत आले, खूप झटले. आक्का गेली.

आमच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवून पुरतात. डॉक्टरांनी तिला मांडी घालायची नाही म्हणून बजावलं होतं. नवा गुडघा तेवढा वाकेना. विधी करणारे जंगमस्वामी म्हणत होते, "हळू, हळू." कुणाला दुखणार होतं?

डॉक्टर चुकले की नशीब, मला कळत नाही. सुई द्यावी की नाही यावर डॉक्टरांचंच तेव्हा एकमत नव्हतं म्हणे. तुम्ही मात्र पुन्हा विचारा. पहिल्या उत्तरावर गप्प बसू नका.

ऑपरेशनसाठी दाजींनी, आक्काच्या मालकांनी, पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. आज शेवटचा हप्ता भरून ते इकडंच आले. पावती माझ्यापुढं ठेवली.

"फिटलं सगळं," म्हणाले. "आता गुडघा तिचा झाला."